न दाखवता पटवायचं गणित

आई, आज सकाळी साडेदहाला एक फोन आला आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. वाईट अर्थानं नाही, खूप वर्षांनी पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस जसा नुसताच बसून राहतो, तसं झालंय. ऑफिसला जायला तयार झाले होते, डबाही भरला होता, आणि तशीच टेबलाशी बसून तुला लिहायला घेतलं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण कागदावर एक ओळ उतरवली नाही. उतरवायचं म्हटलं की पहिल्यांदा तीच गोष्ट लिहावी लागली असती, जी तू असताना तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज ती लिहिता येईल असं वाटतंय.

मी बारा वर्षांची आहे, असं धर. तू सरकारी दवाखान्यातल्या लॅबमध्ये रक्त तपासतेस, बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आहेत, आणि आपल्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, निम्मी घरं आपल्यासारखीच, आजोबांच्या वेळी नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात आलेली. तू मला एकदा लॅबमध्ये नेलं होतंस. काचेच्या नळीत औषध, त्यात रक्ताचे थेंब, आणि नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद. रेघा आरपार दिसल्या तर रक्तात सिकल, म्हणजे सिकलसेलचा दोष, नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. ‘एवढंच?’ मी विचारलं होतं. ‘पह्यली पायरी एवढीच,’ तू म्हणालीस. मग घरी येताना रिक्षात तू मला समजावलंस की एका बाजूनं अंश आला असेल तर माणूस धडधाकट असतो, त्याला जन्मभर कळतही नाही. पण नवराबायको दोघांतही तो अंश असला, तर एखाद्या लेकराला दोन्हीकडून येऊ शकतो, आणि ते लेकरू हाडांच्या दुखण्यानं तळमळत राहतं. अशी लेकरं आपल्या ओळखीच्या दोन घरांत होती. त्यांचं ओरडणं मी ऐकलं होतं, म्हणून मला ते लगेच समजलं.

म्हणूनच तर लग्न ठरायच्या आधी माणसं तुझ्याकडे यायची. तुझी पद्धत पाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. मुलीकडचे वेगळे येत, मुलाकडचे वेगळे. दोन्ही कागद तू एकटी पाहायचीस आणि दोन्हीकडे दोनच वाक्यांतलं एक सांगायचीस. ‘पुढे बोला,’ नाहीतर ‘दोघं मिळून डॉक्टरले भेटा.’ कोणात काय आहे, हे मुलाच्या आईनं हात जोडून विचारलं तरी सांगायची नाहीस. एकदा तुझ्या पिशवीतला एक कागद मी सरळ करून वाचायला गेले, तर तू माझ्या हातावर अशी चापट मारलीस की कांकण फुटलं. ‘दुसऱ्याचा कागद उलटा ठेवला म्हणजे तो उलटाच राह्यला पाह्यजे. समजलं?’ कांकणाच्या काचा तूच वेचल्यास, पण त्या दिवशी माझ्याशी बोलली नाहीस.

आणि तरीही. थंडीचे दिवस होते, रविवार होता, आपण दोघी स्वयंपाकघरात तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसलो होतो. तीन घरं सोडून राहणारी ताई आली. मला सायकल शिकवणारी, माझ्या मागे धावताना जिची चप्पल तुटली होती ती. तिचं लग्न ठरलं होतं. ती दाराशी उभी राहून एकदम रडायलाच लागली. तू मला बाहेर पाठवायला विसरलीस. पहिल्यांदाच विसरलीस.

‘काकू, मी बिमार आहे का?’

‘नाही बाई. तू बिमार नाहीस. तुझ्यात एका बाजूचा अंश आहे, बस. त्या पोट्ट्याची तपासणी होऊ दे. त्याच्यात नसला तर काहीच भेव नाही.’

‘ते लोकं तपासणीले तयार नाही होऊन राहिले.’

‘होईन तयार. मी बोलतो डॉक्टरसाहेबाशी.’

मी खाली मान घालून भाजी निवडत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी माझ्या मैत्रिणीला म्हणाले, ‘मले एक गोष्ट माहीत आहे, तुले नाही.’ आणि सांगून टाकलं. बस, एवढंच कारण होतं, आई. मला माहीत आहे आणि तुला नाही. मैत्रिणीची मावशी मुलाकडच्यांच्या शेजारी राहते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर गप्प बसले असते का, तेही सांगता येत नाही.

चार दिवसांत लग्न मोडलं. मुलाचा काका लॅबच्या दारात येऊन ओरडला, ‘एवढी मोठी बिमारी लपवून पोरगी गळ्यात मारून राहिले होते!’ ताईचे वडील दुसऱ्या बाजूनं आले आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, ‘बाई, तुमच्याशिवाय कोणाले माहीत होतं?’ तू हातातली नळी पुसत राहिलीस. तक्रार वर गेली आणि तुला लॅबमधून काढून केसपेपरची पर्ची फाडायच्या खिडकीत बसवलं. रक्त तपासणारे तुझे हात तीन वर्षं लोकांची नावं आणि वयं लिहीत राहिले. ताईनं घराबाहेर पडणं सोडलं.

त्या आठवड्यात मी रोज वाट पाहत होते की आज तू मला विचारशील. मला मार खायचा होता, खरंच. तू विचारलं नाहीस. माझी वेणी घातलीस, जेवायला वाढलंस, उद्या पेपर आहे ना म्हणून वह्या तपासल्यास. फक्त एक बदललं. पाऱ्यातल्या बाया अजूनही तुला विचारायला येत, खिडकीत बसलेली असलीस तरी येत, पण त्यानंतर तू त्यांना स्वयंपाकघरात कधी बसवलं नाहीस. मागच्या अंगणात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली न्यायचीस आणि जाताना दार ओढून घ्यायचीस. त्या दाराचा आवाज मी बारा वर्षं ऐकला. मी नोकरीसाठी बाहेर गेले, तू आजारी पडलीस, मी परत आले, शेवटचे दोन महिने तुझ्या उशाशी बसले, आणि तेव्हाही दहा वेळा तोंड उघडून मिटलं.

आता मी काय करते ते सांगते. पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानांच्या वर आमच्या छोट्या कंपनीच्या दोन खोल्या आहेत. खालून दिवसभर गठ्ठे उतरवण्याचा आवाज येतो. आम्ही ब्लॉकचेनवर काम करतो. म्हणजे एकच रजिस्टर खूप जागी, खूप कॉम्प्युटरवर एकसारखं ठेवलेलं असतं, आणि एकानं आपल्याकडचं पान खोडलं तर बाकीच्यांना लगेच कळतं. त्यामुळे ते कुणा एकाच्या ताब्यात नसतं. त्यावर आणखी एक गोष्ट आहे, तिला झिरो नॉलेज प्रूफ म्हणतात. मी घरी बाबांना सांगताना त्याला ‘न दाखवता पटवायचं गणित’ म्हणते. एखाद्याकडे खरा कागद आहे, त्यावर लॅबचा खरा शिक्का आहे, आणि तो त्यातलं खरंच सांगतोय, हे समोरच्याला पूर्ण पटतं, पण कागद त्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे मलाही नाही, आमच्या कंपनीलाही नाही.

मी ते सिकलसाठी बनवलं, आई. तीन वर्षं लागली. लॅबनं रिपोर्ट तयार केला की तो फक्त त्या माणसाच्या मोबाइलमध्ये जातो. रजिस्टरवर चढतो तो नुसता शिक्का, आणि शिक्क्यावरून रिपोर्ट उलगडता येत नाही. मुलगा आणि मुलगी आपापले मोबाइल समोरासमोर ठेवतात. दोन्ही मोबाइल एकमेकांना पटवतात की आपला रिपोर्ट खरा आहे, आणि दोघं मिळून एकाच प्रश्नाचं उत्तर काढतात. दोघांच्याही रक्तात अंश आहे का? बाकी काही नाही. ज्याच्यात अंश आहे त्याला ‘पुढे बोला’ आलं, तर समोरच्यात नाही हे त्याला कळणारच, आणि ते कळायलाच हवं. ज्याच्यात नाही, त्याला समोरच्याबद्दल काहीच कळत नाही. स्क्रीनवर येणारी दोन वाक्यं मी दुसऱ्या कुणाला लिहू दिली नाहीत. ती तुझीच आहेत.

हे बनवताना मला एकाच गोष्टीची भीती वाटायची, तुला राग येईल. या धंद्यात अभिमानानं म्हणतात की इथे कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही. तू तर सगळी माणसं विश्वासावर धरून ठेवली होतीस. पण मी दर वेळी पर्चीची ती खिडकी आठवायचे. सगळ्या पाऱ्याची गुपितं एका बाईच्या पोटात, आणि त्या बाईच्या घरात कान टवकारून बसलेली एक पोट्टी. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. तो एकट्या माणसानं वाहायचा नव्हता, एवढंच.

काल रविवारी समाजाच्या भवनात मुलामुलींचा परिचय मेळावा होता. स्टेजवर एकेक जण येऊन शिक्षण, नोकरी, उंची सांगत होता. कोपऱ्यात आमचं टेबल. पहिल्यांदाच खऱ्या माणसांसमोर मांडलेलं. आधी कुणी आलंच नाही. मग एक पांढऱ्या केसांचे आजोबा आले, आयुष्यभर धान खरेदी केंद्रावर काम केलेले.

‘कागद नाही पाह्यचा, मंग भरोसा काहून करायचा?’

‘आजोबा, पोत्यातलं धान चांगलं आहे हे पाहायला तुम्ही पूर्ण पोतं ओतत होता का?’

‘नाही. टोकदार लोखंडी परखी खुपसायची. मूठभर निघते तेवढ्यात समजते.’

‘आणि व्यापाऱ्याला आधी माहीत असायचं का, तुम्ही कुठं खुपसणार ते?’

‘मंग त तो तिथंच चांगलं भरन!’ ते हसले.

‘हेही तसंच आहे. मोबाइल कुठं खुपसून पाहणार ते समोरच्याला आधी माहीत नसतं. खोटं असेल तर एकदा सुटेल, दोनदा सुटेल, शंभर वेळा नाही सुटणार. फरक एवढाच की आमच्या परखीत दाणा येतो तो ओळखू न येणारा. खरा आहे हे कळतं, कोणता आहे ते नाही कळत.’

‘जादू म्हणून राहिली का मले?’

‘गणित आहे, आजोबा.’

‘हव, मंग ठीक आहे,’ म्हणाले आणि जाऊन आपल्या नातीला घेऊन आले. त्यांच्यामागून रांग लागली. उत्तर मात्र तिथल्या तिथं द्यायचं नाही, असा मी हट्ट धरला होता. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, एकदम. हॉलमध्ये कुणाचा चेहरा पडला की बाकीचे वाचतात. यंत्र कितीही गुप्त असलं तरी चेहरा गुप्त नसतो.

दुपारी जेवणाच्या थोडं आधी एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा हिंदीत म्हणाला, ‘मैडम, बस मोबाइल रखना है ना?’ समोर मुलीकडचे बसले. मी बाईंकडे नीट पाहिलं. केस पिकलेत, चष्मा लागलाय, पण मान तिरकी करून हसायची सवय तीच. मोबाइलांचं काम झालं, मुलीकडचे उठले, आणि ताई तिथंच थांबली.

‘तू लॅबवाल्या काकूची पोट्टी ना?’

मी तिला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले, जिथे ताटांच्या चळती लावलेल्या होत्या. तिथं मी सांगितलं. फार सजवून नाही सांगता आलं. ‘ताई, ती गोष्ट माझ्या तोंडून गेली होती. शाळेत. आईनं कोणाला नाही सांगितलं. मी सांगितलं.’

तिनं चष्मा वर सरकवला. ‘तू? तू त एवढीशी होती.’

‘बारा वर्षांची होते.’

‘तुझी आई आमच्या घरी आली होती, माहीत आहे तुले?’ मला माहीत नव्हतं. ‘दारातच उभी राह्यली, आत नाही आली. बाबाले म्हणे, गोष्ट माझ्या घरातून गेली, दोष माझा. बाबानं तीनदा विचारलं, कोणाच्या तोंडून गेली? नाही सांगितलं तिनं. आमाले सगळ्याले वाटलं तुझे बाबा बोलले असन. ते बोलकेच होते ना!’

म्हणजे तुला माहीत होतं. वेणी घालताना माहीत होतं, वह्या तपासताना माहीत होतं. मी तिथंच ताटांच्या चळतीला टेकून रडले, आणि आई, ते दुःखाचं रडणं नव्हतं. इतकी वर्षं मी तुझ्यापासून जे लपवतेय असं समजत होते, ते लपलेलंच नव्हतं.

ताईनं मला उगाच कुरवाळलं नाही. ‘दोन वर्षं घराबाहेर नाही निघाली मी,’ ती म्हणाली. ‘ते खरं आहे, ते तुले सांगतोच. सगळ्याईनं मले बिमारच धरलं होतं.’ मग म्हणाली, ‘मंग बीरगांवचं स्थळ आलं. फॅक्टरीत होते हे. मी पह्यल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यानं आधी हो म्हटलं, मंग रक्त दिलं. तुझी आई खिडकीत बसत होती तेव्हा. रिपोर्ट आला त खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणे, पुढे बोला. किती हसली होती! आता राग कोणावर ठेवू? पण पोराचं ठरवताना भेव लागतेच. म्हणून तुझ्या टेबलावर आली. कोणाच्या हातात कागद नाही द्यायचा म्हणाले, म्हणून आली.’

संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत, कान कमी झालेत, पण हे सगळं एका दमात ऐकलं. मग एकदम म्हणाले, ‘म्हणून तिच्या बापानं मले वर्षभर जय भीम नाही केला! मी समजून राहिलो होतो, युनियनच्या निवडणुकीचा राग आहे. दोनदा मिठाई पाठवली मी त्याले!’ आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, ‘तिनं मलेही नाही सांगितलं, पाह्य.’ ते तक्रार करत होते की कौतुक, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

आज सकाळी दहाला उत्तरं गेली. मी मोबाइल उलटा ठेवून संध्याकाळची भाजी चिरत बसले होते. साडेदहाला ताईचा फोन. ‘दोघाच्याही मोबाइलवर एकच आलं. पुढे बोला. पोरीकडचे संध्याकाळी येऊन राहिले.’ फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ताईच्या मुलात अंश आहे की त्या मुलीत, की दोघांतही नाही, हे मला माहीत नाही. मी बनवलेल्या यंत्रातून गेलं, माझ्या टेबलावर झालं, आणि मला माहीत नाही. कुणी शपथ घालून विचारलं तरी सांगता येणार नाही. किती हलकं वाटतं म्हणून सांगू तुला.

आता एकच राहिलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा इथं लिहिते. सहा महिन्यांपूर्वी, काम चाचणीवर असताना, एका लॅबच्या माणसानं चुकून पूर्ण यादी मला मेल केली. नावांसकट, निकालांसकट. मला वाटलं कोरा फॉर्म आहे, म्हणून उघडली. काय आहे ते समजून बंद करेपर्यंत वरच्या दोन ओळी वाचून झाल्या होत्या. फाइल पुसली, लॅबला फोन केला, त्यांची पद्धत बदलायला लावली, ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं की असं झालं. जे करायचं ते सगळं केलं. पण तो पूर्ण आठवडा माझी जीभ वळवळत होती, आई. एकदा चहा घेताना नवऱ्यासमोर ‘ऐक ना’ म्हणून सुरुवातही केली आणि मग गॅस सिलिंडरचं काहीतरी बोलले. म्हणजे ती बारा वर्षांची पोट्टी कुठं गेलेली नाही. त्या दोन नावांतलं एक घर तुझ्या चांगलंच ओळखीचं आहे. तू ऐकून काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. आत्ता, वाचायला कुणी नाही हे माहीत असूनही, पेन त्या नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत गेलं होतं. ते अक्षर मी खोडलंय, आणि पुढे लिहीत नाही.